परशरामचा फोल्डर

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटलेली,
लॅबमध्ये मी आणि स्पेक्ट्रोचा पंखा.
मालकांना उद्यापासून प्रत्येक हीटचा आलेख हवाय,
कार्बन, सिलिकॉन, गंधक, रेषेरेषेत.
त्यासाठी एक लायब्ररी बसवायची.
एकच ओळ टाइप करा, एंटर दाबा,
व्हिडिओतला पोरगा म्हणाला होता.

दाबलं.
अडतीस ओळी लाल.

आधी वाटलं, नेट गेलं.
नेट होतं. पलीकडच्या शेडमध्ये कुणीतरी
मोबाइलवर कुस्ती बघत होतं, न अडकता.
मग कळलं, हिला आधी दुसरी लागते,
दुसरीला तिसरी, आणि तिसरी अडून बसलीय:
तुमचं पायथन फार नवं, मी जुन्यावरच चढते.

हे मला समजावायला नको.
आयटीआयला बारा एमएमचा बोल्ट
चार सुती नटात घातला होता मी.
दोन आटे गेला, तिसऱ्याला रुतला.
पान्ह्याला लोंबकळले, तेव्हा चौगुले सर म्हणाले,
जोर लावू नकोस, दोघंही बरोबर आहेत.
जुनं पायथन शेजारी वेगळं उभं केलं.
अडतीसच्या अकरा झाल्या.

इराप्पा भट्टीवरनं पाणी प्यायला आला.
"काय करूलीस गं अजून?"
मी लाल दाखवलं.
तो खालनं वर वाचायला लागला.
कास्टिंगला भोक पडलं की तो तसंच करतो,
भोक वर दिसतं, ओल वाळूत असते.
इंग्रजी जेमतेम, पण बोट थांबलं
जिथं अक्षरांच्या जागी चौकोन होते,
रिकामे, ओळीनं, फरशी उचकटल्यासारखे.
"इदु यार हेसरु?"
हे कुणाचं नाव?

परशरामचं.
परशराम होसूरकर, माझ्या आधी याच खुर्चीवर,
तीन वर्षं झाली चाकणला जाऊन.
पीसी नवा आला त्या रात्री, कुणाला न विचारता
त्यानं खात्याला स्वतःचं नाव दिलं, मराठीत, आडनावासकट.
वडिलांच्या गिरणीची पाटी दोनदा रंगवावी लागली होती,
म्हणाला, इथं तरी कोण बघतंय.

आज कंपायलर बघत होता.
प्रत्येक फाइलचा रस्ता त्या नावातून जातो,
तो दारापर्यंत येतो, पाटी वाचता येत नाही,
आणि परत जाऊन सांगतो, असं घरच नाही.

"कन्नडात असतं तरी हेच की."
हे इराप्पा म्हणाला, मी नाही.
आणि घोटभर पाणी नाकात जाईपर्यंत हसला.

नाव बदला, असं व्हिडिओत सांगतात.
नाही बदललं. तत्त्व वगैरे काही नाही,
पाच वर्षांच्या नोंदी त्याला चिकटल्यात,
ओढलं तर कातडं निघेल.
डी ड्राइव्हवर काम नावाचा फोल्डर केला,
चार इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा न सोडता,
आणि सगळं तिथं बसवलं.

पावणेदोनला पहिली रेष उमटली.
सिलिकॉन दोन पूर्णांक एक, थोडी वर, थोडी खाली,
झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

इराप्पा अजून गेला नव्हता.
शेवटी एक ओळ पिवळी उरली होती.
"ते काय?"
ते राहू दे, म्हटलं.
तुझी लेडल गार होईल.