फुटाला पाव इंच

डंकाच्या मागं, मिरचीची पोती रचायचो तिथं
पाच बाय चार जागा निघाली.
दस्तगीर शिकलगारनं फरशीवर खडूनं चौकोन आखला,
कोपऱ्यात भांडं, बाजूला नहाणी ट्रॅप,
आणि मला विचारलं, दार कुठं घ्यायचं?

मी म्हटलं, आधी पाणी कुठं जाणार ते सांग.
तो हसला. "वैनी, लोक टाइल्सच्या रंगापासनं सुरू करत्यात."

मग त्यानं लेव्हलची नळी उलगडली, आत निळीचं पाणी.
एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या,
मधे शुक्रवार पेठेतला आमचा बोळ, एक सायकल,
आणि उठायला तयार नसलेलं कुत्रं.
चेंबरपर्यंत तीस फूट.
फुटाला पाव इंच ढाळ, म्हणजे साडेसात इंच.
मी दळणाच्या पावतीमागं मांडून पाहिलं. बरोबर.

"जास्त दिला तर?"
"पाणी म्होरं पळतंय, घाण मागं बसती.
नवरा मांडवात, वऱ्हाड वेशीत."
"आणि कमी दिला तर?"
"दोघंबी वेशीत."

भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत, एक माझ्या कमरेला,
दुसरी तिच्यावर वीतभर.
नदी चढली की चेंबर उलटं बोलतं,
म्हणून तिथं एक झडप, बाहेर उघडणारी,
आत येणाऱ्याला बंद.
तिचे वेगळे पैसे. मी हो म्हटलं.

"आता हवा," तो म्हणाला.
मला वाटलं, वासाबद्दल बोलतोय.
त्यानं नळीचा तुकडा बादलीत बुडवला,
वरच्या तोंडावर अंगठा दाबून उचलला.
पाणी नळीतच लोंबत राहिलं.
अंगठा काढला, सगळं एकदम खाली.
"पाइपाचंबी असंच. वरनं हवा न्हाई मिळाली
तर जाणारं पाणी ट्रॅपातलं पाणी वढून नेतंय.
तेवढं दोन इंच पाणीच तर राखणीला बसलेलं असतंय."

म्हणून एक पाइप पत्र्याच्या वर जाणार,
तोंडाला जाळी,
बागलकाकूंच्या सांडग्यांपासून लांब, पश्चिमेला.
वर जाणाऱ्या पाइपातून काहीच वाहत नाही,
त्याचेही पैसे द्यायचे, हे मला दोनदा समजावून घ्यावं लागलं.

तिकडं देठं खुडता खुडता चौघी ऐकत होत्या.
शालन सकाळी दहानंतर पाणी पीत नाही.
अकरा वर्षं मला वाटायचं, तिची सवय असेल.
छबूताई जेवायच्या सुट्टीत घरी पळते, रेहाना
बागलकाकूंचा मूड बघून जाते.
माझं घर डंकाच्या वरच आहे. जिना आतूनच.
मी कधी या म्हटलं नाही,
त्यांनी कधी विचारलं नाही,
आणि दोन्हीकडून अंगठा तसाच दाबलेला.

बनाक्का उठली. हात पदराला न लावता,
कोपरानं पदर सावरत खडूच्या रेघेपाशी आली.
"बेसिन कुठं हाय?"
दस्तगीरनं आतला कोपरा दाखवला.
"आत काय करू त्येला? हात आधी, मग बाकीचं.
मिरचीचं हात हाईत आमचं, शिकलगार."
रेहाना तोंड दाबून हसली, मग सगळ्याच,
मग दस्तगीर, कान लाल करून.

बेसिन पुसलं, दाराबाहेर काढलं.
त्याची लाइन आता वळसा घेऊन येणार,
एक बेंड वाढला, हवेच्या पाइपाची जागा सरकली,
पावतीमागचा हिशेब मी पुन्हा पहिल्यापासून मांडला.
साबणाची वडी ठेवायला खाच पण लिहिली.

वर बघितलं तर बनाक्का चौकोनात उभी.
रेघ ओलांडून नाही, दाराच्या फटीतून आत गेलेली.
मागं वळली,
हवेत हात लांब करून
कडी लावली.
आम्ही सगळ्यांनी उगाचच दुसरीकडं बघितलं.

"दार भाईर उघडू दे," ती आतून म्हणाली,
"हितं गुडघं आपटत्यात."