मापात पाप

शनिवारी पेरी बारला, चार नंबरच्या गेटवर
माझ्या हातात मापपट्टी दिली.
झेंडा दोन मीटरपर्यंत चालेल. काठी नको.
मजकूर असला तर डेनीसला दाखवायचा.
डेनीस ओठ हलवत वाचते
आणि बहुतेकदा मान हलवते. आडवी.

पट्टी बघून हसू आलं.
इचलकरंजीत वीस वर्षं ती माझ्या गळ्यात होती,
मंगळसूत्राच्या वरून.
शिवणक्लासच्या खाडेबाई म्हणायच्या,
मापात पाप नको गं,
कापड बोलत नाही म्हणून काय झालं?

अकरापर्यंत टेबलाखालच्या पेटीत जमलं:
दोन छत्र्या, एक भोंगा,
'तुरुंग उघडा' असा एक पुठ्ठा, टीव्हीच्या खोक्याचा,
मागच्या बाजूला 'सांभाळून, काच आहे'.

कॉलेजच्या चार पोरी आल्या, छातीवर एकेक अक्षर.
डेनीस म्हणाली, शर्ट उलटे घाला.
घातले, खिदळत.
पातळ कापडातून अक्षरं दिसतच राहिली,
आरशात वाचावीत तशी.
त्यावर नियम नव्हता.

मग तो म्हातारा.
एवढ्या उन्हात कोटाची बटणं गळ्यापर्यंत.
पिशवीतून घडी काढली, टेबलावर उलगडली:
लहान मुलाचा सदरा.
पिवळा, निळ्या चौकड्यांचा. अक्षर एकही नाही.
म्हणाला, रिले बघायला आलोय.
कुणाच्या संघासाठी, ते सांगितलं.
कुणाच्या विरुद्ध, ते नाही.

डेनीस म्हणाली, माप घे.
खांदा साडेदहा इंच. छाती सव्वीस.
नियमात बसतो, मी म्हणाले.
सहा वर्षं, फार तर सात, असंही म्हणाले,
पण ते मराठीत.

डेनीसनं वॉकीटॉकीवर विचारलं.
वरून खरखर आली: काय लिहिलंय?
काही नाही.
मग काय म्हणायचंय त्याला?
डेनीसनं माझ्याकडे पाहिलं.
बाई वाईट नाही,
काकडीचं सँडविच रोज अर्धं मला देते.
आत नको, खरखर म्हणाली, कॅमेरे आहेत.

टोकन एकशे चौदा.
नाव विचारायचं नसतं.
घडी मीच घातली, बाह्या आत, कॉलर वर,
दुकानात घालतात तशी.
मागच्या भिंतीवर चौदा भाषांत 'सुस्वागतम्'.
मराठी नव्हती. त्याची होती की नाही,
मला कसं कळावं?

रिलेच्या वेळी मी आत, जिन्याच्या तोंडाशी.
आमची पाठ मैदानाकडे, तोंड लोकांकडे, ड्यूटीच तशी.
शर्यत आम्हाला दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिसते.
तिसरी दांडी हातातून हातात गेली,
अख्खा स्टँड उठला.
तोही उठला. दोन्ही हात पुढे धरले,
तळवे समोरासमोर,
टाळी वाजायच्या आधी असतात तसे.
आणि वाजवली नाही.

मोठ्या पडद्यावर आला, तीन सेकंद.
निवेदक म्हणाला, बघा आजोबांचा उत्साह!

साडेदहा इंच.
मला पट्टी लागत नाही.

दोन रांगा मागे त्या उलट्या शर्टांच्या पोरी.
त्यांनी बघितलं, आणि धरले हात.
कुणाचे बारा, कुणाचे पंधरा,
पोरींना माप कुठलं यायला!
मग एक टकला गृहस्थ, चिप्सचं पाकीट काखेत दाबून.
मग कुणीतरी, ज्याला नक्कीच काही ठाऊक नव्हतं.

डेनीस जिना चढून आली, धापा टाकत.
काय करतायत ते? चालतं का हे?
मी म्हणाले,
दोन मीटरच्या आत आहे.

संध्याकाळी तो टोकन घेऊन आला.
सदऱ्याचं दुसरं बटण लोंबत होतं,
सकाळीच पाहिलं होतं मी.
दोरा होता माझ्याकडे, पिवळासुद्धा.
सुई गेटवर चालत नाही.