टिंब

खानापूर कचेरीच्या मागं, पत्र्याखाली
मी बस्त्यांव सोजचं मृत्युपत्र लिहीत होतो.
‘मलप्रभेकाठचा तुकडा माझ्या संतानास’
आणि थांबलो. संतानास, की संतानांस?
एका टिंबावर कोर्टात पिढ्या खपतात.

साक्षीला आलेले एलीझर वाक्रूळकर,
लोंढ्याला गार्ड होते, चष्मा पुसत म्हणाले,
‘आमच्या अब्राहामालाही असाच शब्द मिळाला.
संतान म्हणजे इसहाकाची ओळ,
आणि जमीन म्हणजे जमीन, चतुःसीमेसकट.’

बस्त्यांव हसला. ‘पाद्री सांगतो,
तिथं टिंब नाहीच. एकच संतान, येशू.
आम्ही सगळे मागाहून त्याच्या उताऱ्यावर चढलो.’

मक्तुमसाब नदाफ दाढीतला कापूस वेचत होता.
‘इब्राहिमनं विचारलं होतं, माझ्या पोरांचं काय?
उत्तर आलं, जुलमी माणसापर्यंत हा करार पोचत नाही.
रक्त बघून दिलेलं नाही ते.
आणि घराबाहेर काढलेल्या इस्माईलची तहान,
ती ऐकली की नाही त्यानं?’

भांडण नव्हतं. भज्यांची पुडी एकच होती.

माझ्या वडिलांनाही कुणी शब्द दिला होता,
तालुका तिकडं जाईल म्हणून.
वडील गेले.
वर कन्नड छापलेल्या स्टॅम्पावर मी मराठी लिहितो,
पैसे कागदाचे घेतो, शब्दाचे नाही.

‘मग, टिंब देऊ?’
बस्त्यांव रिकाम्या जागेकडं बघत राहिला.
कुवेतचा मुलगा फोन उचलत नाही.
धाकटी भाकरी वाढते, बोलत नाही.
‘उद्या येतो,’ म्हणाला.

साक्षीदार तेवढ्यात
खाली सह्या करून मोकळे झाले होते.