हत्ता

माउसची वायर उंदरानं कुरतडली. खऱ्या उंदरानं,
हळदीच्या थप्पीमागून येऊन, रविवारी रात्री.
सोमवारी सौदा. सौदा आता पडद्यावर.
पायाप्पा मगदूम, वय अठ्ठ्याहत्तर,
सांगली मार्केट यार्डातली तीन पिढ्यांची अडत,
लॅपटॉपपुढं बसले
आणि खालच्या काळ्या चौकोनावर बोट फिरवू लागले.
बाण जागचा हलेना.

"मेलं का रं हे, दस्तगीर?"

मेलं नव्हतं. त्याला बोट कळत नव्हतं.
पन्नास वर्षं हळकुंड मोडून पाहणारं बोट,
रेघा झिजलेल्या, कातडी
पॉलिशच्या ढोलातून नुकती काढल्यासारखी.
बँकेतही त्यांच्या अंगठ्याला तीनदा नकार आला होता.

मी सेटिंगात शिरलो. टचपॅड. संवेदनशीलता :
कमी, मध्यम, जास्त, सर्वाधिक.
"पुरती घे," म्हणाले.
"माणसात ऱ्हायली न्हाई, मशिनीत तरी असू दे."

पुरती घेतली, तर नुसती बाही घासली
आणि चौदा हजारांचा आकडा जायच्या बेतात.
मी मनगट धरून हात मागं ओढला.
स्पर्शालाच होकार समजायचा तो खटका बंद केला.
आता दाबल्याशिवाय बोली नाही.

दोन बोटं खाली ओढली की यादी वर सरकते.
"रहाटावानी हाय. दोर खाली, बादली वर."
मी उलटंही दाखवलं : बोटं खाली, यादीही खाली.
ह्याला नैसर्गिक म्हणतात, म्हटलं.
"कोण म्हणतं?"
कंपनी.
"तिच्या गावात हीर नसंल."
तेही बंद केलं.

मग तीन बोटं.
तीन बोटं खाली ओढली, आणि
लिलाव, वजनाची पावती, कालचे दर, सगळं गडप.
नुसता निळा पडदा.
"बाजार उठला की रं," म्हणाले, आणि इतके हसले
की तोलाईदार काटा सोडून दारात आला.

हसू ओसरल्यावर खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझ्या हातावर टाकला, आपला हात खाली घातला.
"आमची तीन बोटं म्हंजे तीन न्हवती.
तोंडानं 'सुट्टं' म्हटलं तर तीस, 'बांधीव' म्हटलं तर तीनशे.
शंभर माणसं भवती, कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."
मी म्हटलं, म्हणून तर बंद झालं ते.
"व्हय," म्हणाले. "चोऱ्याबी लई झाल्या त्याच्याखाली."
एवढंच. कुणाच्या, ते विचारलं नाही मी.

बाहेर हमाल पोती उतरवत होते,
कळांच्या फटीत पिवळी धूळ बसत होती.
टॉवेलाखाली त्यांनी माझी दोन बोटं धरली.
"हजार," म्हणाले, रस्त्याकडं बघत.

शिकवतायत असं वाटलं.
कशाचे, मी विचारलं.
"पगाराचं. वाढ."

चार वर्षं मी हा विषय
ओठांपर्यंत आणून चहाबरोबर गिळला होता.
अब्बांनी नाव ठेवलं दस्तगीर, म्हणजे हात धरणारा,
आणि आजवर मी धरले ते फक्त आकडे.
चेहरा दगडाचा केला, नुकताच शिकलो होतो तसा.
हात सोडवला. उलटून त्यांची धरली
तीन.

बराच वेळ काही नाही.
लॅपटॉपचा पडदा वाट बघून काळा झाला.
तोलाईदार पोत्यांचे नंबर पुकारत होता, एकसष्ट, बासष्ट,
आणि टॉवेलाच्या आत ते खरखरीत, गुळगुळीत बोट
माझ्या दोन बोटांवरून सरकत
तिसऱ्यावर आलं, मधल्या पेरावर थांबलं,
आणि दाबलं.

दोन, आणि अर्धं.

ही खूण कुठल्याच यादीत नव्हती. मी शोधली पुन्हा, संध्याकाळी,
सगळे पर्याय उघडून.
चौकोनावर हळदीचा डाग होता तेवढा,
तो पुसला नाही.