साठ किलो रद्दी

मुंबईहून जिलेटिन येणार होतं, आलं नाही.
घाटात दरड, की फाइलवर सही नाही, कोण जाणे.
म्हणून हवालदार कुबल माझ्या दुकानात आले,
वेंगुर्ल्यात, मासळीबाजाराच्या मागे,
म्हणाले, साठ किलो रद्दी हवी.
मराठीच. एकाच जाडीचा कागद.
मी म्हटलं, आंबेवाले थांबलेत, दर चढलाय.
ते म्हणाले, सरकारी काम आहे.
म्हणजे उधार.

रात्रभर गठ्ठे पिंपात भिजले.
शाई सुटून पाणी झालं म्हाकुलाच्या पोटातल्यासारखं.
सकाळी टेम्पोतून चिरेखाणीत.
मागे जांभ्याची भिंत, पुढे सुंभानं आवळलेले अंक:
निधनवार्ता, नारळाचे भाव, वधू पाहिजे,
कुण्या तहसीलदाराच्या बदलीचं अभिनंदन.
मला नेलं कारण मला पानं मोजता येतात,
थुंकी न लावता, न चुकता.

प्रश्न एवढाच होता:
जेट्टीवर जी गोळी इनासच्या खांद्यातून गेली
तीच पुढे आबा गिरपच्या पोरात थांबली,
की दोन होत्या?
एक असेल तर मालकाचा हात सटकला.
दोन असतील तर नाही सटकला.

पहिली गोल डोक्याची, तांब्याचं कातडं चढवलेली.
गेली ती गेलीच.
सगळे अंक ओलांडून भिंतीत, लाल भुकटी उडाली.
कुबलांनी सुरीनं उकरली:
जशी होती तशी, आंघोळ करून आल्यासारखी.

दुसरीचं तोंड पोकळ.
ओल्या कागदात शिरली आणि उमलली,
सहा पाकळ्या, मागे दुमडलेल्या,
ओवळाच्या फुलाएवढी,
फक्त दोरा ओवायला मध्ये भोक नव्हतं.
मी मोजलं: अंक एकशे एक्याऐंशी, पान सात.
राशिभविष्य.

मग कुबलांनी पिशवीतून जीनचं कापड काढलं,
चार पदरी करून गठ्ठ्यापुढे बांधलं.
इनासच्या अंगात त्या पहाटे जाकीट होतं,
भावानं कुवेतहून पाठवलेलं.
तीच पोकळ गोळी, तोच हात, तेच अंतर.
कापडाचा बोळा तिच्या तोंडात बसला
आणि ती उमलायचं विसरली.
सरळ चिऱ्यात.
पहिलीच्या शेजारी, वीतभर डावीकडे.

म्हणजे एकच? मी विचारलं.

कुबल सुरी पुसत राहिले.
"ओलो कागद म्हणजे माणूस न्हय.
ह्येका हाड नाय, बरगडी नाय, भियान आक्रसना नाय.
ही तिच्यापेक्षा लांब जाता, एवढाच कळता.
माणसात किती, ता कागद सांगाचो नाय."
अहवालात त्यांनी हे लिहिलं.
कोर्टात वकिलानं मला फक्त अंकाचा नंबर विचारला.
राशी कुठली होती तेही कुणी विचारलं नाही.
वृश्चिक.

बिल अजून मंजूर नाही.
कारकून विचारतो, वजन ओलं धरायचं की कोरडं?

कातळावर वाळत घातलेली रद्दी कुणी घेतली नाही.
आंबेवाले म्हणाले, भोकातून वारा लागतो, आंबा सुकतो.
पडून राहिली, वजनकाट्यामागे.

मे संपता संपता आबाची बायको आली,
ती दरवर्षी येते, फणसाच्या पापडांखाली घालायला.
मी आतला गठ्ठा काढू लागले, सबंध पानांचा.
"तो नको," ती म्हणाली. "भोकांचो दी."
तिला कुणी सांगितलं, विचारलं नाही मी.
गठ्ठा काट्यावर ठेवला.
तिनं पापडासाठी नेतो तसा उचलून पाहिला नाही.
पहिल्या अंकाच्या भोकात बोट घातलं,
हळू, सुईत दोरा घालताना बघतात तसं बघत.
दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
मग अडकलं.
काटा हलत होता, मी वजन वाचलं नाही.