हंगामी

बॅलार्ड इस्टेटमध्ये, जुन्या जहाज कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर
दिवाळीनंतर उघडतं आणि होळीला मिटतं असं एक रेस्टॉरंट.
हेमामावशीला तिथं नेलं,
तिच्या पंचाहत्तरीला, ती नको नको म्हणत असताना.

लिफ्ट तीच.
जाळीचं दार तिनंच ओढलं,
जरासं उचलून, कारण उचललं तरच लागतं.
लिफ्टमन बघत राहिला.

वेटर कुडाळकडचा, हेल लपवणारा. छातीवर नाव : रोशन.
म्हणाला, मॅडम, शंभर वर्षं झाली इमारतीला,
हे खांब बोटीनं आलेत विलायतेहून.
मावशी म्हणाली, हो का.

मेन्यू एका पानाचा, दर आठवड्याला नवा.
हरभऱ्याचा कोवळा पाला. ओल्या तुरीची आमटी.
भांबुर्ड्याच्या पाल्यातली पोपटी, पण मडकं नाही, शेतही नाही.
बोरकुटाचं आइस्क्रीम.
परातीएवढी थाळी आणि मधोमध चिमूटभर भाजी.
मावशीनं चमच्यानं ती उचलून पाहिली,
खाली आणखी आहे का म्हणून.

मग उठली.
खिडकीपासून पावलं मोजत गेली, अकरा,
आणि रिकाम्या टेबलापाशी थांबली.
"इथं बोर्ड होता. साठ लायनींचा.
कांडला, कोचीन, मार्मागोवा, एडन.
साहेब बोलायचे, मी जोडायची.
आणि इथं खायला सक्त मनाई,
शेंगदाणासुद्धा नाही.
मी, पेरीन आणि ग्लॅडिस
पाण्याच्या टाकीच्या खोलीत जायचो, पाळीपाळीनं,
उभ्यानं डबा, बारा मिनिटांत."

रोशननं न सांगता आमची पानं त्या टेबलावर आणली.
"किती वर्षं होतात, आजी?"
(मॅडमची आजी कधी झाली, कळलं नाही.)
"अकरा."
"परमनंट?"
"छे रे. हंगामी.
नव्वद दिवस भरले की एक दिवस घरी,
दुसऱ्या दिवशी नवा कागद.
चव्वेचाळीस वेळा नवीन लागले मी इथं."

तो हसला, आणि हेल सुटलाच.
"आमचापण होळीपर्यंतच.
मगे गोवा नायतर घर, बघूया."

मावशी भिंतीकडे तोंड करून बसली, जशी बसत असणार.
आमटी भुरकली. मोठ्यानं. पलीकडच्या टेबलानं वळून पाहिलं.
तिनं आणखी एक वाटी मागवली,
घड्याळ पाहिलं, मनगट उलटं करून ठेवलं.

बिल आलं तेव्हा विचारलं,
"तू जेवलास का रे?"
"आमी साडेअकरानंतर. मागच्या बाजूक."
"टाकीच्या खोलीत?"
तो गप्प झाला. मग मान हलवली.

"उजव्या कोपऱ्यात बसत जा,"
पर्स बंद करत मावशी म्हणाली,
"तिथं वारा येतो."