फर्मा

मे महिन्यात, कन्ना चौकात
पिशवीतून मी बर्फाचे बूट काढले
तेव्हा सिद्राममामानं आधी पंखा बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून.

"कुठं लागालंय?"
डाव्या करंगळीच्या मुळाशी.
आणि वाकलं की बुटाची घडी
अंगठ्यावर बसते.
"बूट घालून वाकतीस कशाला पण?"

मग भर दुपारी दुकानापुढं
करून दाखवलं:
एक पाय पुढं, मागचा गुडघा पार खाली,
मागची टाच हवेत.
बाकीचे टाच जखडून उतरतात, मामा,
आमच्यात टाच मोकळी असते.
समोरचा लिंबू-सोडावाला बाटली हातात धरून थांबला.
मामा म्हणाला, "टाच मोकळी म्हणजे चप्पलच की.
मग एवढं प्लॅस्टिक कशापायी?"

सहा हिवाळे औलीत.
बूट एका परतीच्या पाहुण्याचे, निम्म्या किमतीत,
कुठल्या तरी अरुंद पायांच्या देशातले.
मी पातळ मोजे घातले, जाड घातले,
दोन घातले, एकही नाही घातला.
तळवा बदलला. पट्ट्या सैल सोडल्या
तर उतारावर पाय आत पोहायला लागला.
दुपारपर्यंत बोटं बधिर,
ती एक वेळ बरी.
संध्याकाळी शेगडीजवळ बोटं परत येतात ना,
तेव्हा तोंडात मोजा धरून बसायचं.

जोडा कुठं चावतो ते
घालणाऱ्यालाच ठाऊक, म्हणतात.
खोटं आहे.
सगळा पाय एकदम ओरडतो,
जागा कोणी सांगत नाही.

मामानं फोटोखालची कुंकवाची डबी घेतली.
तेलाचं बोट बुडवून
माझ्या बाहेर आलेल्या हाडावर टिकली लावली.
"घाल. वाक. काढ."
आत पांढऱ्या अस्तरावर
रुपयाएवढा लाल डाग.
सहा वर्षांचं दुखणं, एवढंसं,
आणि मी सांगत होते त्याच्या दोन बोटं मागं.

"हा पाय तुझा न्हवं," मामा म्हणाला.
"मल्लेशमचा हाय. त्याच्या चपलांना
मी फर्म्यावर चामड्याचा तुकडा ठोकून
रुंदी काढायचो."

नायना तीस वर्षं हातमागाच्या खड्ड्यात
पाय सोडून बसले, अनवाणी.
एक पावडी खाली, एक वर,
एक खाली, एक वर.
मला वळण घेताना मागून हाक आल्यासारखी
जी लय सापडते
ती मी बर्फात शिकले असं
आजवर सगळ्यांना सांगत आलेय.

शेजारच्या मोबाइलवाल्याकडून
गरम हवेचं पिस्तूल आणलं.
बूट आधीच तासभर पत्र्यावर तापत होता,
चव्वेचाळीस डिग्रीत, फुकटची भट्टी.
पुढच्या घडीला मात्र मामानं आच लागू दिली नाही,
"वाकायची जागा हाय ती," म्हणत
ओलं फडकं गुंडाळलं तिला.
आतून लाकडाची गाठ, तिच्यामागं स्क्रू,
अर्धा आटा, थांब, अर्धा आटा.
मग आमच्याच कारखान्यातला दुय्यम टॉवेल
भिजवून वरून दाबला.
वाफ निघाली.
प्लॅस्टिकला एक टेंगूळ आलं,
माझ्या हाडाचं.

पैसे विचारले तर म्हणाला,
घसरायला तुला कोण पैसे देतंय ते आधी सांग.
शंभर घेतले.

संध्याकाळी गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या,
खाली माग खडखडत होते,
पोरं कठड्यावरून हसत होती, घाम गुडघ्यातून बुटात.
उजवा ठीक. डावा बरा, पुष्कळ बरा.

रात्री पाणी प्यायला उठले तर
पुढच्या खोलीत, न विचारता,
नायना माझा डावा बूट घालून बसलेले.
पट्ट्या लावता आल्या नव्हत्या.
एक पाय पुढं, मागची टाच थोडी उचलून
काहीतरी दाबून बघत होते जमिनीवर.
मला बघून लाजले नाहीत.
वाकले आणि बाहेरून, प्लॅस्टिकवर
बोट ठेवलं बरोबर टेंगळाच्या कडेला.
"इथं," म्हणाले, "अजून जरा."